यादी कुणी केली?

तेजस्विनी सावंतचं नाव निघालं की आमच्या पन्हाळा-कोल्हापूर भागात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं, ‘आपल्या कोल्हापूरची पोरगी, जगज्जेती झाली!’ दुसरं जरा आवाज उतरवून, ‘पण ऑलिम्पिकमध्ये काही जमलं नाही बघा तिला.’ पहिल्यात अभिमान आहे, दुसऱ्यात हळहळ. हळहळणारी माणसं आपलीच आहेत, त्यांच्या मनात काही वाईट नाही. पण त्या दुसऱ्या वाक्याखाली एक गोष्ट झाकली जाते. ती फक्त खेळापुरती असती तर या अंकाची पानं मी अडवली नसती.

मी खेळाडू नाही. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण झाल्यावर गेली काही वर्षं पन्हाळा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर बायकांच्या बचत गटांबरोबर आणि किशोरी गटांबरोबर काम करते आहे. नेमबाजीतलं मला जे कळतं ते वाचून आणि जाणत्यांना विचारून. पण गटातल्या मुली ‘ताई, पुढं काय?’ असं विचारतात, तेव्हा त्यांच्यापुढे ठेवायला आपल्या मातीतलं उदाहरण हवं असतं. म्हणून तेजस्विनीची सगळी कारकीर्द एकदा नीट मांडून बघितली आणि तेव्हाच तो ‘पण’ मला खटकायला लागला.

तेजस्विनीचा जन्म 1980 सालचा, कोल्हापूरचा. वडील नौदलात होते. कोल्हापुरातच जयसिंग कुसाळे यांच्या हाताखाली ती रायफल चालवायला शिकली. 2004 मध्ये इस्लामाबादच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती भारताच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होती. 2006 मध्ये मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 मीटर एअर रायफलमध्ये तिने दोन सुवर्णपदकं घेतली, एक एकटीने आणि एक अवनीत कौर सिद्धूच्या जोडीने. 2009 मध्ये म्युनिकच्या विश्वचषकात 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य. आणि पुढच्याच वर्षी, 8 ऑगस्ट 2010 रोजी, त्याच म्युनिकमध्ये 50 मीटर रायफल प्रोन या प्रकारात ती जगज्जेती ठरली. 600 पैकी 597 गुण. तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी. नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

प्रोन म्हणजे जमिनीवर पालथं पडून, कोपरांवर भार घेऊन नेम धरायचा. समोर 50 मीटरवर लक्ष्य, आणि साठ गोळ्या. प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त दहा गुण. साठ गोळ्यांत मिळून फक्त तीन गुण गमवायचे, म्हणजे श्वास, हात, डोळा आणि मन किती ताब्यात असायला हवं, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आता मुद्दा असा, की ज्या प्रकारात ती जगात पहिली आली, तो प्रकार ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी नव्हताच. बायकांचा स्वतंत्र प्रकार म्हणून तो एकाही ऑलिम्पिकमध्ये नव्हता. पुरुषांसाठी मात्र तो 2016 च्या रिओपर्यंत होता. 2012 साली लंडनमध्ये आपला जॉयदीप कर्मकार याच प्रकारात चौथा आला, तेव्हा साऱ्या देशाने हळहळ केली. त्याला निदान चौथं येण्याची संधी तरी होती. तेजस्विनीला त्या रांगेत उभंच राहता येत नव्हतं. तिची रायफल तीच, अंतर तेच, गोळ्या तितक्याच. फक्त यादीत तिचा रकाना नव्हता.

कुणी म्हणेल, बाकीचे प्रकार होते की. होते. एअर रायफल होती, थ्री पोझिशन होती. 2008, 2012 आणि 2016 या तीन ऑलिम्पिकना त्या प्रकारांतून तिला जाता आलं नाही, हेही खरं आहे. तिथे तिच्यापेक्षा दुसऱ्या कुणी सरस ठरल्या असतील, त्यात अन्याय नाही. खेळात हार-जीत असतेच. पण ज्या कामात माणूस सर्वांत सरस आहे त्यातच त्याचं माप घ्यायचं, हा साधा न्याय पुरुष नेमबाजाला मिळत होता आणि तिला मिळत नव्हता. आपल्याच कोल्हापूरची राही सरनोबत 25 मीटर पिस्तुलाची नेमबाज. तो प्रकार ऑलिम्पिकच्या यादीत बायकांसाठी होता, म्हणून ती 2012 ला लंडनला गेली आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आली. दोघी एकाच गावच्या, दोघी कसलेल्या. एकीचा खेळ यादीत होता, दुसरीचा नव्हता.

आणि जे प्रकार यादीत होते त्यांतही माप सारखं नव्हतं. 2017 पर्यंत एअर रायफलला पुरुषांना साठ गोळ्या, बायकांना चाळीस. थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात, पुरुषांना एकशेवीस आणि बायकांना साठ. का? बाईचा हात थकतो? चाळिसाव्या गोळीनंतर तिचा डोळा काम करेनासा होतो? दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर घेऊन चढ चढणाऱ्या बायका आपण रोज बघतो. त्यांच्या दमाची काळजी कुठल्याच समितीला वाटलेली नाही.

नेमबाजीत स्त्री-पुरुष बरोबरीने उतरल्याचीही उदाहरणं आहेत. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशन दोघांसाठी एकत्र होती. अमेरिकेची मार्गारेट मर्डॉक आणि तिचाच सहकारी लॅनी बॅशम यांचे गुण सारखे झाले. बरोबरी सोडवण्याच्या नियमाने सुवर्ण त्याला गेलं. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा बॅशमने तिला हात देऊन आपल्या पायरीवर घेतलं. पुढे 1984 पासून बायकांसाठी स्वतंत्र प्रकार आले, आणि ते आले तेच कमी गोळ्यांचे. 1992 ला बार्सिलोनात चीनच्या झांग शानने स्कीट या प्रकारात पुरुषांसह सगळ्यांना मागे टाकून सुवर्ण जिंकलं. चार वर्षांनी अटलांटाला स्कीट फक्त पुरुषांसाठी होतं. ती विजेती असूनही तिला तिथे उभं राहायला जागा नव्हती. बायकांचं वेगळं स्कीट आलं ते 2000 साली.

दूरच्या देशातलं आणखी एक उदाहरण सांगते, कारण ते आपल्या प्रश्नाशी अगदी जुळतं. बर्फाच्या देशांत स्की जंपिंग नावाचा खेळ आहे. पायाला लांब पट्ट्या बांधून उंच उतारावरून घसरत यायचं, टोकाला आलं की हवेत झेप घ्यायची आणि खाली दूरवर उतरायचं. पुरुषांसाठी हा खेळ 1924 च्या पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकपासून आहे. बायकांसाठी तो आला 2014 साली, म्हणजे नव्वद वर्षांनी. बायका तोवर उड्या मारत नव्हत्या असं मुळीच नाही. 2009 मध्ये त्यांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. 2011 मध्ये ओस्लोच्या जागतिक स्पर्धेत इटलीच्या एलेना रुंगाल्दियरने रौप्यपदक मिळवलं. पण त्याच्या आदल्याच वर्षी व्हँकुव्हरला झालेल्या ऑलिम्पिकमध्ये तिला किंवा कुठल्याच बाईला त्या उतारावर स्पर्धक म्हणून पाय ठेवता आला नव्हता. जागतिक स्की संघटनेच्या अध्यक्षांनी तर 2005 मध्ये हा खेळ वैद्यकीयदृष्ट्या बायकांना योग्य नाही, असं जाहीर मत दिलं होतं.

त्या मुली कोर्टात गेल्या. 2009 मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायालयाने मान्य केलं की हा भेदभाव आहे. पण खेळांची यादी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ठरवते आणि तिच्यावर आमचा कायदा चालत नाही, असं सांगून दाद नाकारली. मैत्रिणींनो, हा निकाल मी वाचला तेव्हा मला तो फार ओळखीचा वाटला. ‘तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण ते आमच्या हातात नाही’ हे उत्तर तलाठी कार्यालयापासून वरपर्यंत आपण कितीदा ऐकलं आहे! भेदभाव सगळ्यांना दिसतो, तो करणारा मात्र कुणालाच सापडत नाही.

इटलीच्या बर्फाचा आणि पन्हाळ्याच्या लाल मातीचा संबंध इथेच आहे. आपल्याकडचीच एक यादी बघा. महाराष्ट्र केसरीची गदा पुरुष मल्लांसाठी 1961 पासून आहे. पहिली महिला महाराष्ट्र केसरी 2023 मध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मधली बासष्ट वर्षं या जिल्ह्यांत ताकदीच्या मुली जन्मल्याच नाहीत का? जन्मल्या. शेणाच्या पाट्या उचलल्या, उसाच्या मोळ्या बांधल्या, आणि ताकद तिथेच जिरली. शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाचा आम्हा कोल्हापूरकरांना केवढा अभिमान! पण तालमीच्या दारातून आत जाण्याचा प्रश्न आला की मुलींसाठी देवाचं, सोवळ्याचं आणि लाजेचं कारण तयार असायचं.

दुसरी यादी पोलीस भरतीची. पहाटे पन्हाळ्याच्या घाटरस्त्यावर या. खालच्या गावांतल्या मुली भरतीच्या तयारीसाठी धावत चढताना दिसतील. काहींच्या पायात भावाचे जुने बूट असतात. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर धावायचं असतं, मुलींना 800. गटात यावर बोलणं झालं तेव्हा मुलींमध्येच दोन तट पडले. एक म्हणाली, ‘ताई, 800 आहे म्हणून तर आम्ही उतरतो. घरचं सगळं आवरून यायचं असतं.’ दुसरी म्हणाली, ‘मग नोकरी लागल्यावर हेच म्हणतील, तुमचं अर्धंच असतंय.’ मला दोघींचंही पटलं. सवलत नको असं मी म्हणणार नाही. पहाटे उठून भाकऱ्या थापून आलेली मुलगी आणि झोपून उठून आलेला मुलगा एका रेषेवर उभे नसतात. पण हे 800 कुठून आलं, ते कुणी ठरवलं आणि ठरवताना एखाद्या मुलीला विचारलं होतं का, हे विचारायलाच हवं.

800 मीटरचा इतिहास तर मुलींना सांगण्यासारखा आहे. 1928 च्या अॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा ही शर्यत धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली बसल्या, म्हणून हे अंतर त्यांना झेपत नाही असा गवगवा झाला आणि शर्यतच काढून टाकली. ती परत आली 1960 मध्ये. दमून बसलेल्या पुरुषाला आपण जिद्दीचा म्हणतो. बाई दमून बसली तर बत्तीस वर्षांची बंदी!

नेमबाजीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. रिओनंतर ऑलिम्पिकमध्ये स्त्री-पुरुषांचे प्रकार सारखे करायचं ठरलं. उत्तम. मग बायकांना प्रोन दिलं का? नाही. पुरुषांचंच प्रोन काढून टाकलं आणि मिश्र जोडीचे प्रकार आणले. कागदावर समानता झाली. दोन भावंडांत एकाला दूध मिळतं, दुसरीला नाही, अशी तक्रार आली म्हणून म्हैसच विकायची, त्यातली ही गत. 2018 पासून गोळ्यांची संख्या मात्र सारखी झाली, आणि हा बदल खरा आहे. थ्री पोझिशनला बायकांनाही एकशेवीस गोळ्या आल्या.

त्याच वर्षी, 2018 मध्ये, गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तेजस्विनीने थ्री पोझिशनचं सुवर्ण घेतलं आणि प्रोनमध्ये रौप्य. वय 37. रौप्यपदक भारताच्याच अंजुम मुदगिलला. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत चौथी येऊन तिने भारतासाठी ऑलिम्पिकची जागा मिळवली. आणि 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये, वयाच्या चाळिशीत, ती पहिल्यांदा उतरली. थ्री पोझिशनमध्ये 33 वी आली.

या 33 आकड्यावर तो ‘पण’ उभा आहे. मला त्या आकड्यात दुसरंच दिसतं. 2004 ते 2021 ही सतरा वर्षं एक बाई आंतरराष्ट्रीय स्पर्धेत टिकून राहिली. तिला मोजायच्या पट्ट्या मधल्या मध्ये बदलत राहिल्या, तिच्या सर्वांत चांगल्या प्रकाराला जागाच नव्हती, म्हणून तिने दुसरा प्रकार पुन्हा घोटून घोटून आपलासा केला. यात स्वतः नेमबाज असलेल्या कुहेली गांगुली या प्रशिक्षक तिच्या पाठीशी राहिल्या, हेही नोंदवण्यासारखं आहे. आणि मधल्या काळात, 2016 मध्ये, तिचं लग्न झालं. एखाद्या बाईने अशा वेळी काही मिळवलं की आपल्याकडे ‘लग्नानंतरही’ हा शब्द चिकटतोच. पुरुष खेळाडूच्या बातमीत हा ‘ही’ कुणी वाचला आहे का?

आता आपल्यातल्याच काही जणींच्या शंका. शिबिरात मी हा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्तीने सरळ विचारलं, ‘रायफल, जॅकेट, काडतुसं, सगळं हजारो-लाखोंचं. हा आपल्या बायकांचा प्रश्न आहे का? आणि बंदुकीचं कौतुक आपण करायचं का?’ दोन्ही शंका रास्त आहेत. नेमबाजी महाग आहे आणि ती आपल्या वस्तीतल्या प्रत्येक मुलीला परवडेल असं मी म्हणत नाही. पदक मिळालं की देशाची मान उंचावते, म्हणून टाळ्या वाजवा, असंही माझं म्हणणं नाही. पण मारहाण, पाणी, सातबाऱ्यावरचं नाव हे जर आपले प्रश्न असतील, तर मुलीचं शरीर कुठे, किती वेळ आणि कुणाच्या परवानगीने मोकळं हलू शकतं, हाही आपलाच प्रश्न आहे. वयात आली की मुलीचं मैदान सुटतं. ते सुटलं की फिरणं, मग शाळा आणि मग लग्न, हा क्रम आपण तालुक्यातल्या कितीतरी घरांत पाहिला आहे. ज्या गडावरून ताराराणीने राज्य चालवलं, त्या गडाखालच्या गावांत संध्याकाळी सहानंतर मैदानावर एकही मुलगी दिसत नाही. कोल्हापुरात कावळा नाक्यावर घोड्यावर बसलेल्या ताराराणीला आपण हार घालतो, आणि सायकलवरून उशिरा येणाऱ्या मुलीला दारातच जाब विचारतो.

करायचं काय? मला सुचतात त्या गोष्टी मांडते.

पहिली, शाळांच्या तालुकास्तरीय स्पर्धांची यादी मागून घ्या आणि गटात वाचा. मुलांचे प्रकार किती, मुलींचे किती, वयोगट कुठवर, हे मुलींनाच मोजायला लावा. प्रकार कागदावर असतो, पण मुलींचा संघच पाठवला जात नाही, असंही होतं. तेही विचारा. दुसरी, महिला ग्रामसभेत मैदानाचा विषय घ्या. मैदान गावाचं असेल तर आठवड्यातल्या कोणत्या वेळा मुलींच्या, हे ठरावात लिहून घ्या. तिथे दिवा आणि स्वच्छतागृह आहे का, हाही त्याच ठरावाचा भाग. तिसरी, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी कोणते खेळ आणि कोणत्या पातळीची प्रमाणपत्रं धरतात, ते मुलींना आणि त्यांच्या आयांना वेळेवर कळलं पाहिजे. पेटीच्या तळाशी पडलेलं प्रमाणपत्र कामाचं नाही. चौथी गोष्ट आपल्या घरची. हळदी-कुंकू असो की 8 मार्च, गावोगाव बायकांच्या स्पर्धा म्हणजे संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि रांगोळी. ही यादी कुठल्या परदेशी समितीने केलेली नाही. हसत-खेळत चार घटका जातात हे चांगलंच आहे, पण त्याच दिवशी रस्सीखेच आणि धावण्याची शर्यतही ठेवून बघा. आमच्या एका वस्तीत ठेवली, तर साडीचा काष्टा मारून साठीच्या आजी पहिल्या रेषेवर येऊन उभ्या राहिल्या.

यादी बदलते, हे आपण पाहिलं आहे. स्की जंपिंगच्या मुलींनी भांडून 2014 ची जागा मिळवली, तेव्हा त्यांना फक्त छोटी टेकडी दिली होती. मोठ्या टेकडीवरची वैयक्तिक स्पर्धा त्यांच्यासाठी घ्यायचं ठरलं ते 2026 च्या इटलीतल्या ऑलिम्पिकपासून. आणि त्याच ऑलिम्पिकला उडी आणि स्कीची शर्यत एकत्र असलेल्या नॉर्डिक कम्बाइन्डमध्ये बायकांना पुन्हा नकार मिळाला. म्हणजे एक रकाना मिळाला की दुसऱ्यासाठी भांडायचं.

तेव्हा यापुढे कुणी ‘पण ऑलिम्पिकमध्ये जमलं नाही’ म्हणालं, तर त्यांना शांतपणे सांगा की जे तिला सगळ्यात छान जमत होतं, ते ऑलिम्पिकने बायकांसाठी ठेवलंच नव्हतं. आणि मग विचारा, तुमच्या गावात मुलींसाठी काय काय ठेवलं आहे?

तुमच्या तालुक्यातली यादी काय सांगते, ते जरूर कळवा. मोजून कळवा. पुढच्या अंकात त्या सगळ्या याद्या शेजारी शेजारी मांडता आल्या, तर आपल्यालाच पुष्कळ काही दिसेल.